हेसेलच्या गळ्याची बैठक

हेसेल बोनस्त्राचा आवाज बसलाय हे त्याच्या आधी त्याच्या गिऱ्हाइकांना कळलं. बाल्क गावात लुट्स कालव्याच्या काठावर त्याची बेकरी होती, बापाने सुरू केलेली. राईचा काळा पाव, दालचिनीचा साखरपाव आणि वर गुलाबी साखरेचा थर दिलेला केक यांसाठी आसपासच्या गावांतून माणसं यायची. त्यातली निम्मी पावासाठी यायची आणि निम्मी हेसेलच्या गप्पांसाठी. कुणाची गाय अडली, कुणाची होडी गाळात रुतली, कुणाचा जावई घर सोडून गेला, सगळं त्या काउंटरवर कळायचं. "पाव घ्यायला गेलं की सकाळ बुडते," अशी तक्रार करत लोक दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच हजर.

त्या उन्हाळ्यात त्याचा आवाज घोगरा झाला आणि घोगराच राहिला.

"काय रे हेसेल, गाढवाचा घसा उसना आणलास की काय?" चर्चजवळची म्हातारी एल्स्के रोज विचारायची.

"परत द्यायला गेलो होतो, गाढव घेईना," हेसेल म्हणायचा आणि खोकायचा.

घशात पीठ गेलंय, एवढंच त्याचं म्हणणं. त्याचा बापही जन्मभर खोकला होता. बेकरीवाल्याच्या घशात पीठ जाणार नाही तर काय समुद्राचं पाणी जाणार?

ही गोष्ट गावभर झाली, पण घरात नाही. कारण हेसेलची बायको वित्स्के जन्मापासून बहिरी. नवऱ्याचा आवाज कसा आहे हे तिला कधीच माहीत नव्हतं, तर तो बसलाय हे कुठून कळणार? तिला दिसलं ते वेगळं. हा घास फार वेळ चावतो, गिळताना मान डावीकडे वळवतो, कॉफीचा घोट घेतला की डोळ्यांत पाणी येईपर्यंत ठसकतो. आणि एके दिवशी एल्स्केने गळ्यावर हात ठेवून, चेहरा वाकडा करून तिला विचारलं, "याचं काय झालंय?"

त्या दुपारी दुकान बंद झाल्यावर वित्स्केने त्याला पिठाच्या पोत्यावर बसवलं.

"गावाला माहीत, मला नाही?" तिचे हात रागाने भराभर चालत होते. "किती महिने?"

"अगं, नुसता घसा बसलाय."

"मग घसा घेऊन उद्या डॉक्टरकडे जायचं. मी पण येणार."

वित्स्के अशीच होती. लहानपणी तिला ग्रोनिंगनच्या बहिऱ्या मुलांच्या शाळेत ठेवलं होतं. तिथे त्या काळी हातांनी बोलायला बंदी. ओठ वाचा, तोंडाने बोला, हात मांडीखाली. मुली हात मांडीखाली ठेवायच्या आणि शिक्षिका फळ्याकडे वळली की बाहेर काढायच्या. शाळेतून सुटल्यावर तिने ठरवलं होतं, आता आपले हात कुणाच्या सांगण्यावरून खाली जाणार नाहीत. हेसेलच्या दुकानात ती पाव घ्यायला यायची तेव्हा तो मुद्दाम चुकीचा पाव द्यायचा, म्हणजे ती रागावून हातवारे करेल आणि त्याला दोन खुणा नव्या कळतील. तीन-चार महिने असे चुकीचे पाव खाल्ल्यावर तिने त्याला रीतसर शिकवायला घेतलं, आणि पुढे लग्नच केलं. तेव्हापासून हेसेल दोन तोंडांनी बोलत आला. गिऱ्हाइकाशी जिभेने, मागे गुलाबी साखर फिरवणाऱ्या बायकोशी हातांनी, आणि बऱ्याचदा दोन्ही एकाच वेळी. मुलगी निन्के ऐकू येणारी निघाली. ती आता उट्रेक्टला शिकवते.

गावच्या डॉक्टरने घसा पाहिला आणि थेट शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलची वाट दाखवली. तिथे नाकातून नळी घातली, तुकडा काढून तपासला, फोटो काढले. स्वरयंत्रावर गाठ होती, कॅन्सरची.

सर्जन होते डॉक्टर तेर होर्स्त, उंच, अंगाने वाळलेले आणि बोलायला सरळ. त्यांनी दोघांना समोर बसवलं.

"काल आमची सगळ्यांची बैठक झाली," ते म्हणाले. "आम्ही दोघे-तिघे सर्जन, किरणांच्या डॉक्टर, केमोचे डॉक्टर. आमचं एकमत झालं. किरणं आणि सोबत केमो. म्हणजे तुमचं स्वरयंत्र वाचेल, आवाज राहील."

ते बराच वेळ बोलले. हेसेल ऐकत होता आणि वित्स्केसाठी हातांनी सांगतही होता, कारण दुभाषी बोलवायचं कुणाला सुचलं नव्हतं. स्वतःच्या कॅन्सरची बातमी स्वतःच बायकोला भाषांतर करून सांगायची वेळ फार थोड्यांवर येत असेल. गळ्याला भोक, गिळायला त्रास, परत गाठ येण्याची भीती, असे शब्द आले की त्याचे हात आपोआप आखडते होत. डॉक्टर पाच वाक्यं बोलत, त्यातलं एक तिच्यापर्यंत जाई.

"चालेल ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"चालेल," हेसेल म्हणाला.

घरी येताना वित्स्के गाडीत बोलायला लागली. बोलणारी ती, गाडी चालवणारा तो, आणि चालवणाऱ्याचे हात चाकावर. म्हणून त्यांची भांडणं नेहमी गाडी थांबवून होत. हेसेलने कालव्याकाठी एका फाट्यावर गाडी उभी केली.

"डॉक्टर एवढा वेळ तोंड हलवत होता," वित्स्के म्हणाली, "आणि तू मला एवढंसंच दिलंस. बाकीचं कुठे ठेवलंस?"

"सांगितलं की. किरणं देणार. आवाज राहणार."

"आणि आवाज नाही राहिला तर? दुसरा उपाय काय होता?"

"ऑपरेशन. पण ते नको म्हणाले."

"त्यांनी नको म्हटलं. तू काय म्हटलंस?"

"मी चालेल म्हटलं."

"तू सगळ्यांना चालेल म्हणतोस!" तिने हात असे आपटले की शेजारून जाणारा सायकलवाला वळून बघायला लागला. "दुकानदाराची खोड. कुणी म्हटलं पाव जरा करपलाय तर तू म्हणतोस चालेल, दुसरा देतो. हा पाव नाही, हेसेल. तुझं नरडं आहे."

हेसेलने गाडी सुरू केली. आता हात मोकळे नाहीत, हा त्याचा नेहमीचा बचाव.

त्या संध्याकाळी वित्स्केने हॉस्पिटलच्या नर्सला फोनवरून निरोप लिहिला. फेना तिचं नाव. घशाच्या कॅन्सरच्या सगळ्या पेशंटांची ती एक खिडकी. कुणाला काहीही विचारायचं असलं की फेनाला विचारायचं. वित्स्केने लिहिलं: 'माझ्या नवऱ्याने हो म्हटलंय, पण त्याला नाही म्हणता येत नाही. मला अर्धंच कळलंय. आमचे प्रश्न शिल्लक आहेत.'

सकाळी फेनाचं उत्तर आलं. दुभाषी न बोलावल्याबद्दल तिने आधी माफी मागितली, मग पुढे लिहिलं होतं: 'आमच्याकडे डॉक्टरांची बैठक दर आठवड्याला होते. गेल्या वर्षापासून काही पेशंट स्वतः त्या बैठकीत बसतात. तुमचा विषय पुन्हा घेऊ. तुम्ही दोघे याल का?'

"मी काय करू तिथे?" हेसेल म्हणाला. "त्यांनी भट्टीत येऊन मला पाव शिकवलेला मला आवडेल का?"

"पाव तुझा नाही, खाणाऱ्याचा," वित्स्के म्हणाली. "चल."

बैठकीची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. एक लांब टेबल, एका भिंतीवर मोठा पडदा, आणि व्हरांड्याकडची भिंत काचेची. टेबलाभोवती सातआठ माणसं होती. तेर होर्स्त होते. त्यांच्या शेजारी किरणांच्या डॉक्टर नाउता, जाड भिंगांच्या चष्म्याच्या. केमोचे तरुण डॉक्टर लॅपटॉपमागे. आहार बघणारी एक बाई. आणि टोकाला रूली नावाची बाई, बोलणं आणि गिळणं पुन्हा शिकवणारी. फेनाने सगळ्यांची ओळख करून दिली. तेर होर्स्तांच्या चेहऱ्यावर थोडी घाई होती. त्या दिवशी आणखी बऱ्याच पेशंटांचे विषय व्हायचे होते.

वित्स्केच्या समोर, डॉक्टरांकडे पाठ होणार नाही अशा बेताने, दुभाषी मार्लूस बसली. तिने सुरुवातीलाच नियम सांगितला. "या खोलीत जे बोललं जाईल ते मी हातांनी सांगेन. हातांनी जे बोललं जाईल ते मी तोंडाने सांगेन. गाळणार काही नाही. मी 'मी' म्हटलं की ती वित्स्के, मी नव्हे."

पडद्यावर हेसेलच्या गळ्याचा आतला फोटो आला.

"हे तू?" मार्लूसचा आवाज उमटला. "बरं झालं, लग्नाआधी दाखवलं नाहीस."

आधी आहारवाली बाई हसली, तिच्यामागोमाग रूली, आणि शेवटी तेर होर्स्तही. वित्स्के चपापली. आपण नवऱ्याला हळूच सांगितलेलं सगळ्या खोलीला ऐकू गेलं हे तिला जरा उशिरा उमगलं. पण हसण्याने खोली सैल झाली, हेही खरं.

तेर होर्स्तांनी मांडायला सुरुवात केली. दोन वाटा आहेत. एक, किरणं आणि केमो, कित्येक आठवडे, रोज यायचं. दुसरी, स्वरयंत्र पूर्ण काढायचं. मग श्वास गळ्याच्या भोकातून घ्यायचा, कायमचा. बरं होण्याची शक्यता दोन्हीकडे साधारण सारखी.

"सारखी?" हेसेल मध्येच म्हणाला. मागच्या वेळी हे त्याच्या कानावर पडलं होतं की नाही, त्याला आठवेना.

"साधारण. म्हणून आवाज वाचवणारी वाट निवडली."

नाउता कागद चाळत होत्या. "मला एक विचारायचंय. गिळताना ठसका लागतो, त्यापुढे 'कधीकधी' लिहिलंय."

"हो, कधीकधी," हेसेल म्हणाला.

"प्रत्येक जेवणाला," मार्लूसच्या तोंडून वित्स्के म्हणाली. "पाणी पितानाही. सूप तर त्याने सोडूनच दिलंय. मला वाटतं तो आता एकटा जेवायला बघतो, म्हणजे मला दिसू नये."

नाउतांनी पेन खाली ठेवलं. "हे खरं का?"

हेसेलने मान हलवली. डॉक्टरने विचारलं तेव्हा बरं दिसावं असं उत्तर त्याने दिलं होतं.

"मग मला माझं मत बदलावं लागेल," नाउता तेर होर्स्तांकडे वळून म्हणाल्या. "गाठीने गिळणं इतकं बिघडवलं असेल तर किरणांनंतर ते आणखी बिघडायची भीती आहे. स्वरयंत्र जागेवर राहील, पण कामाचं राहील याची खात्री मी देणार नाही. जेवण नळीनेही द्यावं लागेल कदाचित."

"आवाज तरी राहील ना?" तेर होर्स्त म्हणाले.

"घोगरा. राहिला तर."

त्यांचं आपसात जरा जुंपलं. भांडण नव्हे, पण दोघेही मागे हटेनात. हेसेल एकाकडून दुसऱ्याकडे बघत होता. आपल्या पाठीमागे दर आठवड्याला हे असं चालतं, आणि आपल्याला दारात येऊन सांगतात 'एकमत झालं', हे त्याला पहिल्यांदा दिसत होतं. गंमत म्हणजे त्याला राग आला नाही. उलट धीर आला. ज्यांना शंका येते अशी माणसं आपल्या गळ्याचा विचार करतायत, हे त्याला बरं वाटलं.

केमोच्या डॉक्टरने घसा साफ केला. "आणखी एक सांगायला हवं. या औषधाने कानांवर परिणाम होऊ शकतो. ऐकू कमी येणं, क्वचित कायमचं..."

वित्स्के हसायला लागली. तिचं हसणं मोठं, मोकळं, आपण किती जोरात हसतो याचा अंदाज नसलेल्या माणसाचं. केमोवाला लाल झाला.

"माफ करा," मार्लूस म्हणाली. "पण आमच्या घरी त्याला आजार म्हणत नाहीत. बहिरा झाला तर होऊ दे, जागा आहे!"

"हेसेल," फेना म्हणाली, "तुम्ही स्वतः अजून काही बोलला नाहीत. तुम्हाला आवाज किती महत्त्वाचा आहे?"

हेसेल सरसावून बसला. मग आपल्या घोगऱ्या आवाजात आणि त्याच वेळी हातांनी म्हणाला, "माझ्यासाठी म्हणाल तर... गप्पा मारायला आवडतं मला. पण गप्पांसाठी मी जीव धोक्यात घालणार नाही. गोष्ट वेगळी आहे. मी हिचा फोन आहे. बँक, पिठाचा व्यापारी, दाताचा डॉक्टर, निन्केची शाळा, एवढी वर्षं सगळीकडे मी बोललोय. माझा आवाज गेला तर घरात बोलणारं कुणी उरत नाही. हिला मी अशी कशी सोडू?"

म्हणजे 'चालेल' मागे हे होतं. वित्स्केचे हात सावकाश उठले, आणि मार्लूसचा आवाजही हळू झाला.

"तू माझा फोन होतास. निन्के शाळेत होती तोवर. हेसेल, बँकेचं काम मी लिहून करते. दाताच्या डॉक्टरला मी निरोप पाठवते. केकच्या ऑर्डरी कुणाच्या मोबाईलवर येतात? माझ्या. पिठाचा व्यापारी गेली कित्येक वर्षं माझ्याशीच बोलतो, तुला फक्त नाताळच्या शुभेच्छा द्यायला फोन करतो. तू फोन उचलतोस तो चार म्हाताऱ्यांचा. आणि एल्स्केचा."

"हे मला कधी सांगितलं नाहीस."

"तुला फोनवर बोलायला आवडतं म्हणून."

तेर होर्स्त आपल्या बोटांकडे बघत होते. "आम्हीही तसंच धरलं होतं," ते म्हणाले. "बायकोला ऐकू येत नाही, दुकान आहे, म्हणजे आवाज आधी. विचारायला हवं होतं."

"मग ऑपरेशन करून टाका," हेसेल म्हणाला. त्याला एकदम हलकं वाटायला लागलं होतं. "भोक तर भोक. निदान पोटभर जेवेन."

टोकाला बसलेली रूली तेवढ्यात म्हणाली, "थांबा. घाई करू नका. तुम्ही बेकरीवाले ना? मग दोन गोष्टी मी आत्ताच सांगते, नंतर सांगितल्या असं व्हायला नको. श्वास गळ्यातून गेला की नाकातून हवा जात नाही. हवा नाही, तर वास नाही. ऑपरेशननंतर तुम्हाला वास येणार नाही, आणि त्यामुळे चवही उणी होईल. दुसरं, पीठ. नाक धूळ गाळतं. गळ्यातलं भोक गाळत नाही. भट्टीच्या खोलीत, जिथे पीठ उडतं, तिथे तुम्हाला पूर्वीसारखं काम करता येणार नाही."

हेसेलने वित्स्केसाठी हात उचलले, आणि मग आठवलं की आज ते त्याचं काम नाही. मार्लूस सांगतच होती.

आवाजाचा हिशेब त्याने केला होता. नाकाचा केलाच नव्हता. पाव झाला की नाही हे तो घड्याळावर बघत नसे, वासावर ओळखत असे. आंबवण बिघडलंय हे झाकण उघडायच्या आधी कळे. बापाने दुसरं काही शिकवलं नसेल, पण नाक शिकवलं होतं.

"आम्ही जरा बाहेर जाऊ का?" त्याने विचारलं.

"जा ना," तेर होर्स्त म्हणाले. घड्याळाकडे त्यांची नजर गेली होती, पण त्यांनी ती परत आणली. "आम्ही बसलोय."

दोघे व्हरांड्यात गेले. काचेतून आतल्यांना ते दिसत होते. हेसेलचे हात एकदाच मोठे होऊन पडले. वित्स्केचे हात बराच वेळ, बारीक-बारीक, त्याच्या छातीजवळ चालत होते. केमोचा डॉक्टर बघत होता. मार्लूसने मात्र खुर्ची फिरवून काचेकडे पाठ केली.

"काय म्हणतायत?" आहारवालीने विचारलं.

"ते माझ्यासाठी नाही," मार्लूस म्हणाली.

बाहेर हेसेल म्हणत होता, "मग मी कोण? गळ्याला भोक असलेला, नुसता पाव विकणारा?"

"आणि किरणं घेतलीस तर कोण? नळीने जेवणारा, पाव भाजणारा?" वित्स्केने विचारलं. "मला विचारशील तर मला समोर बसून जेवणारा माणूस हवाय. भट्टी गर्ब्रिख सांभाळेल. आज दहा वर्षं आपल्याकडे तीच निम्मं पीठ मळते. पण गळा तुझा आहे. तू किरणं म्हणालास तर मी रोज सोबत येईन आणि एक शब्द बोलणार नाही."

"तू? एक शब्द नाही?"

"बरं, थोडे."

तो भिंतीला टेकला. डोळे पुसले. वित्स्के त्याच्या बाहीवरचं पीठ झटकत राहिली. हॉस्पिटलला यायच्या सदऱ्यावरही त्याच्या पीठ असायचंच.

आत आल्यावर हेसेलने उभ्यानेच सांगितलं. "ऑपरेशन. मला रडू आलं ते नाकासाठी, निर्णय बदललाय असं समजू नका. पण माझ्या काही अटी आहेत. ज्याचं असं ऑपरेशन झालंय त्या माणसाला मला आधी भेटायचंय. वॉर्डात दुभाषी पाहिजे, मला हिला माझीच बातमी पुन्हा सांगायची नाही. आणि आम्ही लांबून येतो. सर्जन एका दिवशी, आहार दुसऱ्या दिवशी, असं चालणार नाही. सगळे एका दिवशी भेटा."

आयुष्यात इतक्या वेळा 'चालणार नाही' त्याने कधी म्हटलं नव्हतं. फेना लिहून घेत होती. तेर होर्स्त म्हणाले, "एका दिवशी अवघड आहे," आणि फेना न बघताच म्हणाली, "होईल."

निघताना रूलीने त्याला दारात गाठलं. "वासाचं पूर्ण संपलं असं नाही हं. एक युक्ती आहे, ती शिकवेन. काहींना जमते, काहींना नाही. म्हणून आत बोलले नाही."

ऑपरेशन शरद सरता-सरता झालं. वॉर्डातले बाकीचे पेशंट पाटीवर लिहून बोलायचे, हेसेल मात्र शुद्धीवर आल्यापासून नळ्या लावलेल्या हातांनी बायकोशी गप्पा मारत होता. शेजारच्या खाटेवर ड्रेंथचा एक म्हातारा शेतकरी होता, त्याचंही तेच ऑपरेशन झालेलं. तो दोन दिवस हे बघत होता. तिसऱ्या दिवशी त्याने पाटीवर लिहिलं: 'बाई, "नर्सने पुन्हा टोचलं" हे कसं म्हणायचं?' वित्स्केने त्याला ते शिकवलं, आणि मागितली नव्हती अशी एक शिवीही शिकवली. तो घरी जाईपर्यंत नर्सना त्या शिवीचा अर्थ लागला नाही.

सगळं सुरळीत झालं असं नाही. जखम एका बाजूला चिकटेना, म्हणून मुक्काम लांबला. घरी आल्यावर पहिल्या थंडीत गळ्यातून इतका कफ यायचा की हेसेल माणसांत जायला तयार नसे. अन्ननलिका आणि श्वासनलिकेच्या मध्ये त्याला छोटी झडप बसवली होती. गळ्यातल्या भोकावर बोट दाबलं की आवाज निघे, खरखरीत, तळघरातून आल्यासारखा. पण एक हात गळ्यावर गेला की हातांनी बोलायला एकच उरे. तोंडाने आणि हातांनी एकाच वेळी बोलायची त्याची कला गेली.

"आता एका वेळी एकाशीच बोलावं लागतं," तो कुरकुरला.

"देवाने उशिरा का होईना ऐकलं," वित्स्के म्हणाली.

भट्टी गर्ब्रिखने घेतली. तिने पिठाच्या खोलीला दार बसवलं आणि हेसेलला आत यायला बंदी केली. तो काउंटरवर उभा राहू लागला, दुपारी गाडीने गावोगाव पाव पोचवू लागला. मुलं त्याच्या गळ्याकडे टक लावून बघत. तो बोट उचलून त्यांना भोकावरचं झाकण दाखवी. आया ओशाळत, मुलं खूश होत. एल्स्के पहिल्या दिवशी आली, त्याचा नवा आवाज ऐकला आणि म्हणाली, "यापेक्षा गाढवाचा बरा होता." मग साखरपाव घेतला आणि पूर्वीसारखीच सकाळ बुडवून गेली.

रूलीची युक्ती म्हणजे ओठ मिटून जांभई देणं. जबडा खाली, जीभ खाली, म्हणजे नाकातून थोडी हवा आत ओढली जाते. हेसेल दिवसभर काउंटरवर ही मिटलेली जांभई देत असे. गिऱ्हाइकांना वाटे, आपण बोलायला लागलो की याला झोप येते. त्यातल्या दोघांनी तर मनाला लावून घेतलं. पण वास येईना. पाव समोर, दालचिनी समोर, कॉफी समोर, आणि नाक मुकं. महिन्याभरात त्याने युक्ती सोडून दिली. वित्स्के मागे लागली, तिच्याशी कडाक्याचं भांडण झालं, आणि मग निव्वळ तिचं तोंड बंद करायला, म्हणजे हात बंद करायला, त्याने पुन्हा जांभया द्यायला सुरुवात केली.

तपासणीसाठी तो हॉस्पिटलला जाई तेव्हा सगळे एकाच दिवशी भेटत. फेनाने तसं लावून दिलं होतं, आणि आता इतर लांबच्या पेशंटांनाही तसंच लावून देत होती. तेर होर्स्त एकदा म्हणाले, "तुमच्यानंतर बैठकीला आणखी बरेच जण येऊन बसलेत. वेळ जास्त जातो." मग म्हणाले, "एकाने परवा दोन्ही वाटांना नाही म्हटलं आणि घरी गेला. तेही ऐकून घ्यावं लागलं." ते त्यांना जड गेलं होतं हे हेसेलला दिसलं. त्याने गळ्यावर बोट दाबलं, मग ते काढून घेतलं आणि त्यांच्या हातात साखरपाव ठेवला.

मार्चमध्ये एका दुपारी दोघे पाव पोचवून स्लोटेनकडून परतत होते. गाडीची काच थोडी खाली होती. हेसेलने सवयीने मिटल्या ओठांनी जांभई दिली आणि एकदम गाडी कडेला घेतली. पुन्हा जांभई दिली. पुन्हा एकदा. शेजारच्या कुरणावर ट्रॅक्टर शेणखत फवारत होता, दर वसंतात फवारतात तसं, आणि त्याचा तो ओला, आंबूस, डोळे झोंबवणारा दर्प पुसटसा, पण नक्की, हेसेलच्या नाकात आला होता.

त्याने चाक सोडलं आणि दोन्ही हातांनी, शक्य तितकं मोठं करून सांगितलं, "घाण! केवढी घाण येतेय!"

वित्स्के त्याच्याकडे बघत राहिली. डोळे भरून आले होते तिचे, पण हात नेहमीसारखेच चालले.

"मला तर सकाळपासून येतेय," ती म्हणाली. "काच लाव."

त्याने काच आणखी खाली केली.